टेंभुर्णीच्या दैवशालाची बुडी

टेंभुर्णीच्या बाजारगल्लीत राधेश्यामची पिठाची गिरणी आहे आणि तिला लागूनच त्याच्या बायकोचं, दैवशालाचं, मिरची कांडपाचं मशीन. गिरणी चालू असली की तिथं ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. राधेश्यामचा नियमच होता: दळण ओतलं की ते संपेपर्यंत गिरणी बंद करायची नाही. सरपंच आला तरी त्यानं ओरडूनच काय ते सांगावं. आणि एवढ्या गोंगाटावरही जिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो ती दैवशाला. चाळिशी कधीच मागं पडली, पण बाई अजून खणखणीत.

तिचं एक वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं. "म्या केदारखेड्याची हाय. आमच्या इहिरीत पोरांच्या आधी तळ गाठायची."

ते खोटं नव्हतं. केदारखेड्यात तिच्या बापाच्या मळ्यात चांगली खोल विहीर होती. भाऊ कल्याणनं तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. चार दिवसांत डबा सुटला, महिन्याभरात पोरगी वरच्या पायरीवरून सूर मारायला लागली. त्या पोरांचा एक कायदा होता. बुडी मारून तळ गाठला हे नुसतं सांगून कुणी मानायचं नाही. तळाचा गाळ मुठीत धरून वर यायचं आणि काठावर बसलेल्यांपुढं मूठ उघडायची. मूठ रिकामी निघाली की हुर्रेवडी. दैवशालाची मूठ कधी रिकामी निघाली नाही.

मग लग्न झालं आणि पोहणं माहेरी राहिलं. सुनेनं सासरच्या विहिरीत उतरायचं नाही, हे तिला कुणी बजावलं नव्हतं, बजावायची गरजही नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात घरची तांब्याची कळशी विहिरीत पडली. घरातले बाप्ये दुपारभर गळ टाकून बसले. दैवशाला डोक्यावर पदर घेऊन काठावर उभी. शेवटी राहवलं नाही, नवऱ्याजवळ हळूच म्हणाली, "म्या एका बुडीत काढीन."

राधेश्याम हसला. "हो हो, तू लई मोठी पाणबुडी!"

बाकीचेही हसले. कळशी काही निघाली नाही, पण नाव मात्र चिकटलं. पुढं विहिरीवर लोखंडी जाळी बसली, नळाला पाणी आलं, पोरगी झाली, ती मोठी होऊन पुण्याला दवाखान्यात नर्स लागली, तरी राधेश्याम मौजेत आला की हाक मारणार, "ओ पाणबुडीबाई!" त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण दैवशालाला ते बोचायचं. ज्या माणसासोबत सारा जन्म काढला त्यानं आपल्याला कधी पाण्यात पाहिलंच नाही, आणि तो आपल्यावर विश्वास ठेवत नाही, हे तिला आतून खात होतं.

दिवाळीला लेक तृप्ती आली आणि तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मालवणचा समुद्र, पाठीवर हवेची टाकी बांधलेली एक बाई, भोवती पिवळे मासे. खाली लिहिलेलं, पोहता येत नसलं तरी चालेल.

दैवशालानं व्हिडिओ तीनदा पाहिला. मग म्हणाली, "आपुन जायचं. तुझे पप्पा बी. दोघं बी खाली उतरणार."

"म्या?" राधेश्यामच्या हातातला पोह्यांचा चमचा तिथंच थांबला. "अगं, मला हौदाची भीती वाटती, आन तू समुद्रात घालून राह्यली?"

"वाचा की! पोहता न आल्यालं चालतंय. बिलकुल चालतंय."

"आन खर्चा?"

"खर्चा माझ्याकडं लागला."

एकदा दैवशालानं मनावर घेतलं की मग ते रुळावर आलंच म्हणायचं. पैसे कांडपाचे, म्हणजे तिचे स्वतःचे, त्यामुळं कुणाला विचारायचं कारण नव्हतं. पण पैसा तिखटाच्या धुरळ्यात खोकून मिळवलेला होता, तो उडवायचा नव्हता. संक्रांत झाल्यावर निघायचं ठरलं. तेव्हा शाळा चालू, सुट्ट्यांची गर्दी नाही, मालवणात खोल्या रिकाम्या. प्रवास एसटीनं, कारण बायकांना अर्धं तिकीट. "तुमच्यापेक्षा म्या स्वस्तात चाल्ले," असं ती नवऱ्याला जाता-येता ऐकवायची. पुण्यात मुक्काम लेकीच्या खोलीवर. वाटेत हॉटेलचं नाव काढायचं नाही. धपाटे, तिळाची चटणी, ठेचा आणि गुळाच्या पोळ्या, एवढं सोबत असलं की दोन माणसं कुठंही जातील.

राहिला खाली उतरायचा दर. तृप्तीनं चार नंबर काढून दिले होते. दैवशालानं चारही लावले, तेही गिरणीच्या दारात उभं राहून. पलीकडचा मालवणी माणूस बिचारा "काय म्हणतास? काय म्हणतास?" करत राहायचा. शेवटी एकजण कबूल झाला, पण थोडंच कमी करायला.

"त्याच्यात काय काय येतंय?" दैवशालानं विचारलं.

टाकी, कपडे, बोट, सोबत उतरणारा माणूस, आणि पाण्याखालचा व्हिडिओ.

"व्हिडिओ काढून टाका. त्याचे पैशे कमी करा."

"काकी, व्हिडिओसाठीच तर लोक येतत!"

"आम्ही न्हाई येत. मला बघायला माझा माणूस हाय."

दर उतरला. फोन ठेवून तिनं गिरणीत अशी नजर टाकली जणू मालवणची जहागीर लिहून घेतली. बचत गटातल्या बायका हळहळल्या, की आम्हाला काय दाखवशील गं मग? पण दैवशालाला गल्लीला दाखवायचं नव्हतंच. एकाच माणसाला दाखवायचं होतं, आणि त्यानं ते त्याच्या डोळ्यांनी पाहावं एवढंच तिला हवं होतं.

मग सुरू झाली तालीम. परसात एक मोठं पत्र्याचं टोपलं होतं. रोज सकाळी ते पाण्यानं भरायचं, त्यात तोंड बुडवायचं आणि श्वास रोखून धरायचा. विहिरीतल्या पोहणाऱ्याची सगळी मदार श्वास धरण्यावर. जितका धराल तितकं खाली जाल, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पहिल्या आठवड्यात दम लागला, पण पुढं जुनी सवय परत आली. तोंड पाण्यात घालून ती अशी राहायची की राधेश्याम घाबरून तिचा खांदा हलवायचा.

त्याची तालीम मात्र बघण्यासारखी. तोंड बुडवलं की लगेच वर. पिठात दिवस काढून त्याचं नाक कायमचं चोंदलेलं. तोंडाला उपरणं गुंडाळायचं आणि तोंडानंच संथ श्वास घेत राहायचं, हाच त्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज.

"असं कसं वो तुमचं!" दैवशाला कमरेवर हात ठेवून म्हणायची. "तिथं खाली गेल्यावर काय करताल? जरा दम धरा की!"

"मला न्हाई धरता येत गं," राधेश्याम तोंड पुसत म्हणायचा. "मला आपला सोडायचीच सवय."

संक्रांतीनंतर दोघं निघाले. जालना, पुणे, तिथून रात्रीची गाडी. मालवणला उतरले तेव्हा राधेश्यामचं अंग आंबून गेलेलं आणि दैवशाला लग्नातल्या करवलीसारखी टवटवीत. एका घरगुती खोलीत पिशव्या टाकल्या, उरलेले धपाटे खाल्ले आणि थेट जेट्टीवर.

सोबत उतरणारा माणूस होता रुपेश. पस्तिशीचा, उन्हानं रापलेला, बोलायला गोड. त्यानं आधीच विचारलं, "पोहूक कोणाक येता?"

"मला!" दैवशालानं हात वर केला. "लहानपणापास्नं. ह्यांना न्हाई येत, ह्यांच्याकडं जरा लक्ष द्या."

बोट थांबली. पाणी असं स्वच्छ की खालचे खडक दिसत होते. रुपेशनं घट्ट काळे कपडे चढवून दिले, डोळ्यांवर चश्मा, तोंडात नळी. चश्म्यानं नाक झाकलेलं, म्हणजे श्वास फक्त तोंडानं. आधी बोटीच्या शिडीला धरून डोकं पाण्यात घालायचं, नीट श्वास घेता आला तरच खाली न्यायचं.

पहिला नंबर अर्थातच दैवशालाचा. तिनं भरपूर हवा छातीत घेतली, डोकं पाण्यात घातलं आणि श्वास धरला. अगदी पक्का. रुपेश पाण्यातून हातानं खुणावतोय, श्वास घे, सोड. ही गाल फुगवून तशीच. शेवटी जीव कासावीस झाला तेव्हा वर आली, धापा टाकत.

"काकी, श्वास धरूचो नाय. घेत रवायचो, सोडत रवायचो."

"हां, समजलं."

पुन्हा डोकं पाण्यात. पाणी कानाला लागलं आणि छाती आपोआप बंद झाली. आता ती तिच्या हातात नव्हतीच. इतक्या वर्षांनी अंगाला पाणी लागलं होतं आणि अंगाला एकच गोष्ट येत होती. तिसऱ्या वेळी तर तिनं नळीच थुंकून टाकली.

रुपेश गंभीर झाला. "काकी, खाली श्वास धरलास आणि तशीच वर इलंस तर छातीक इजा होता. मी नाय नेऊ शकत. तू जरा बस. काकांचा बघूया."

आणि काकांचं बघितलं. राधेश्याम पायानं पायरी चाचपत शिडीवर उतरला, दोनदा देवाचं नाव घेतलं, डोकं पाण्यात घातलं. एक बुडबुडा, मग दुसरा, मग संथपणे येतच राहिले. नाक बंद, तोंड उघडं, श्वास हळू. गिरणीत उभा असल्यासारखा.

"काका, एकदम भारी!" रुपेश म्हणाला आणि त्याला घेऊन खाली गेला.

दैवशाला बोटीच्या फळीवर बसून राहिली. खाली नवऱ्याचे बुडबुडे वर येताना दिसत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते समुद्राचं नव्हतं. दिवाळीपासून आखलं, फोनवर भांडली, टोपल्यात तोंड घालून बसली, आणि खाली कोण गेलं, तर हौदाला भिणारा माणूस. परतीची गाडी संध्याकाळची. पुन्हा इकडं येणं काही व्हायचं नाही. आता जन्मभर 'पाणबुडीबाई' ऐकायचं, आणि तेही त्याच्या तोंडून जो स्वतः तळ पाहून आलाय! तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या छातीचा.

राधेश्याम वर आला. चश्मा काढला. तोंडभर हसू होतं, पण बायकोचं तोंड पाहून ते गेलं. त्यानं शिडी धरली, पण बोटीत चढला नाही.

"ये इकडं," तो म्हणाला.

"राहू द्या. तुम्ही पाह्यलं ना, बस झालं."

"अगं ये म्हणतो ना!" आणि गिरणीत ओरडतो तसा तो ओरडला. बोटीतली बाकीची माणसं वळून बघायला लागली. "म्या काय खर्चा करून एकटाच उतराया आल्तो का? ऐक. गिरणीत आपुन नुसतं दाणं वतत राह्यलो आन खालून पीठ पडूच दिलं न्हाई तर काय हुईल?"

"चोक हुईल."

"मंग तू तेच करून राह्यली. वतती, वतती, सोडतच न्हाई. दाणं वत, पीठ सोड. दाणं वत, पीठ सोड. जल्दी न्हाई करायची. चल, माझ्याकडं बघ."

रुपेश हसून म्हणाला, "एकच चान्स हा काकी."

ती उतरली. नळी तोंडात घेतली. नवरा-बायको शिडीला धरून समोरासमोर, दोघांची डोकी पाण्यात. राधेश्यामनं बोट वर केलं, घे. खाली केलं, सोड. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिची छाती अडली. त्यानं बोट तसंच खाली धरलं, सोड म्हणजे सोड. आणि सुटला. भस्सकन एक मोठा बुडबुडा तिच्या कानाजवळून वर गेला. मग दुसरा. मग पीठ पडायला लागलं.

रुपेशनं तिचा दंड धरला आणि ते खाली निघाले. थोडं खाली गेल्यावर रुपेशला कळलं की दंड धरायची तशी गरज नाही. बाईचे पाय स्वतःच चालत होते, अंग सरळ, हात पोटाशी. मासे बाजूला झाले. दैवशालानं त्यांच्याकडं धड पाहिलंही नाही. ती तळाकडं निघाली होती. तळ आला. तिनं हात घातला, मूठभर वाळू उचलली, आणि वर पाहिलं. वर उजेडात बोटीची शिडी, आणि शिडीला धरून चश्मा पाण्यात घातलेलं एक तोंड. हलतच नव्हतं. तिनं मूठ त्याच्याकडं उंच केली.

रुपेशनं तिला सावकाश वर आणलं. पाण्यातून वर येताना वाळू बोटांच्या फटीतून निसटत गेली. शिडीपाशी मूठ उघडली तेव्हा तळव्यावर चार कण राहिलेले. दैवशालाचा चेहरा पडला.

"अवो, भरलेली व्हती. खरंच भरलेली व्हती."

राधेश्यामनं तिचा तळवा आपल्या हातात धरला आणि मिटवून टाकला. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून राहिला, आणि कोल्हापूर येईस्तोवर त्यानं तिला एकदाही पाणबुडी म्हटलं नाही. दैवशालाला वाटलं, दमला असेल.

तिसऱ्या दिवशी गिरणी चालू झाली. सकाळचीच गर्दी, बायकांचे डबे ओळीनं लागलेले. समोरचे तातेराव गव्हाची पिशवी घेऊन आले आणि गोंगाटात ओरडून म्हणाले, "काय राधेश्याम, काय पाह्यलं समुद्रात? मासे पाह्यले का न्हाई? आन वैनी उतरल्या का खरंच, का नुसत्याच गप्पा?"

कांडपाच्या मशीनपाशी दैवशालाचा हात थांबला.

राधेश्यामनं वर पाहिलं. दळण अर्ध्यात होतं, दुर्गाबाईची ज्वारी पडत होती. त्यानं हात लांब केला आणि बटन खाली दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला. गल्लीत एवढी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती. बायका डब्यांवरून वळल्या. त्यानं तोंडावरचं उपरणं सोडलं.

"मासे व्हते का न्हाई, माहीत न्हाई," राधेश्याम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्या हिला पाह्यलं."