कोळसा घालावा की घालू नये

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, उभ्या जन्मात कोणतीही गोष्ट घाईने ठरवताना कोणी पाहिलं नाही. ते ब्रह्मपुरीला जंगलखात्यात कारकून होते आणि मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागल्यावर दोन वर्षं त्यांच्याकडेच राहत होतो, तेव्हा हे मी खात्रीने सांगू शकतो. छत्री घ्यावी की नाही याचा विचार त्यांनी मृगात सुरू केला आणि छत्री आली दसऱ्याला. चपलेचा अंगठा तुटला, तर नवा लावावा की चप्पलच बदलावी हे ठरेपर्यंत ते अनवाणी कचेरीत जात. हा आळस नव्हता. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते आणि ती ऐकून घेतली नाही तर तिच्यावर अन्याय होतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

अशा माणसाला बदली होऊन चाललेल्या एका साहेबाने मासे पाळायची काचेची पेटी दिली आणि सोबत एक इंग्रजी पुस्तिका दिली. भाऊजींनी ती अथपासून वाचायला घेतली. पाणी गाळायच्या प्रकरणात मजकूर ‘कोळसा मात्र’ इथवर आला होता आणि पुढची पानं वाळवीने खाल्ली होती. त्या ‘मात्र’ने भाऊजींचे सहा महिने घेतले.

सगुणाबाई नावाची म्हातारी ढिवरीण वैनगंगेतले मासे विकायला दारावर येई. तिने बोटभर लांबीचे, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले अकरा जिवंत मासे आणून दिले. भाऊजींनी पेटीच्या वर तिवईवर बुडाला भोक पाडलेलं गाडगं ठेवलं आणि त्यात रेती भरली. सकाळ-संध्याकाळ ते पेटीतलं पाणी तांब्याने गाडग्यात ओतत आणि ते थेंब थेंब गळत पुन्हा पेटीत येई. प्रश्न एवढाच होता, की रेतीखाली कोळसा घालावा की घालू नये. त्यांनी गावभर मतं घेतली. लोहाराला कोळसा हवाच होता, हेडमास्तरांना तो मुळीच नको होता. माशांना सावली म्हणून भाऊजींनी सागाचं एक मूळ पाण्यात ठेवलं, तर पाणी चहासारखं झालं. मग कोळसा धुऊन घातला आणि चार दिवसांत पाणी नितळ झालं. कोळशाचा एक गुण वाढला. पाण्याची चव पाहायला ते रोज सकाळी एक थेंब जिभेवर ठेवीत, तेव्हा ताई मला हळूच विचारी, “हे मासे पोसून राह्यले का पानी?”

सगुणाबाईला त्यांनी हाच प्रश्न रीतसर, समोर पाट देऊन विचारला. ती म्हणाली, “नदीत कोन कोळसा टाकते भाऊ? नदी वाहते. तुमचं पानी बसून राह्यलं. थोडं काढा, थोडं नवं टाका.” भाऊजींनी ते वहीत उतरवून घेतलं, पण गाडग्यातला कोळसा तसाच राहू दिला, कारण दुसरी बाजू अजून ऐकून झाली नव्हती.

हिवाळ्यात माशांच्या अंगावर कापसासारखं पांढरं काहीतरी धरलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने निळं औषध दिलं. भाऊजींनी त्याचे थेंब टाकले, पाणी निळंशार झालं, नेहमीप्रमाणे गाडग्यातून गाळलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ दिसलं. मासे औषध पिऊन टाकतात म्हणून भाऊजी खूश झाले. असं तीन दिवस चाललं आणि तीन मासे मेले. चौथ्या दिवशी गाडग्यात तांब्या ओतताना ते मध्येच थांबले. वरून निळं पाणी जात होतं आणि खालून साधं पाणी गळत होतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. ताईने जेवायला हाक मारली, तेव्हा म्हणाले, “मी त्याइचं औषध चोरून राह्यलो होतो.” त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कोळसा निघाला, निळा रंग पाण्यात टिकला आणि उरलेले आठ मासे पंधरवड्यात बरे झाले. मग तोच निळा रंग काढायला दोन दिवस कोळसा पुन्हा घातला. शेवटी भाऊजींनी ठरवलं, की पाण्यातून काही काढून टाकायचं असेल तेवढ्यापुरता कोळसा घालावा आणि एरवी आठवड्याला दोन घागरी पाणी बदलावं. त्यांनी काही कायमचं ठरवल्याचं मी हे एकदाच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची भामरागडकडे बदली झाली. मासे नेणं शक्य नव्हतं. माठात भरून आम्ही दोघे ते वैनगंगेवर घेऊन गेलो. आता इथे संध्याकाळ होणार असं मी धरून चाललो होतो, पण त्यांनी काठावर उकिडवं बसून लगेच माठ कलता केला. मासे क्षणभर उथळ पाण्यात घोटाळले आणि गेले. भाऊजींनी माठ विसळला आणि वाटेत माझ्याशी शाळेच्या परीक्षांबद्दल बोलत राहिले.

पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद झाले, म्हणून त्यांचं पत्र दिवाळीच्या सुमाराला हाती आलं. ख्यालीखुशाली होती, ताईची तब्येत बरी होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे नदीचं पाणी इतकं स्वच्छ आहे की काठावरून तळातले मासे दिसतात. त्यांच्यासाठी मला काहीच करावं लागत नाही. करमत नाही.’