चपला हातात, गाडी पावसात

देवळाच्या पायरीशी चपला साचतात, तसे मंडळात किस्से साचतात. येताना प्रत्येकीचा जोड वेगळा असतो. निघताना कोणाचे काय, हे शोधावे लागते. आमच्या अंबरनाथच्या महिला भजनी मंडळाचे तसेच झाले. भजन करावे, आरती करावी, प्रसाद घ्यावा आणि उठावे, एवढाच माझा नियम होता. मी शाळेत शिकवीत असे. वायफळ बोलणे मला तेव्हा खपत नसे, आजही खपत नाही. पण शोभाने गाडी शिकायला घेतली त्या पावसाळ्यात प्रसाद संपला तरी कोणी उठेना! म्हणून जे स्वतः पाहिले, तेवढेच सांगते. ऐकणाऱ्याने हसावे. गाडी नवीन शिकणाऱ्याने हसून झाल्यावर थोडा विचारही करावा.

* * *

शोभा मंडळात टाळ धरी. तिच्या सासूबाई, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकू, हा मंडळाचा आवाज. त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून भजन त्यांच्याच घरी होई.

काकूंचे माहेर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या वाटेवर. तिथल्या देवळात त्या परकरी वयात पहिल्यांदा गायल्या. आषाढात त्यांचा भाचा मुद्दाम अंबरनाथला आला. “आत्या, यंदा गोपाळकाल्याचं भजन तुझं. सगळ्या बायांना घेऊन ये.”

एसटीची पायरी काकूंना चढवत नव्हती. त्यांनी मुलाकडे पाहिले.

वसंतराव कारखान्यात अधिकारी. कारखान्याची बस त्यांना नेई आणि आणी. त्यांनी जुनी फियाट घेतली होती, ती दारात ताडपत्रीखाली उभी असे. दर रविवारी ते तिला पुसत. पावसाळ्यात पुसणेही बंद. कारण ताडपत्री काढली तर गाडी भिजली असती!

“पावसात गाडी काढायची? आई, पत्रा गंजेल गं.”

“आणि मी गंजले तर चालतं?”

वसंतरावांनी उत्तर द्यायला अंमळ वेळ घेतला. तो वेळ त्यांना पुढे कैक वर्षे ऐकावा लागला.

“मी शिकते गाडी,” शोभा म्हणाली.

“तू?” काकू म्हणाल्या. “तू चालवणार असलीस तर मी आपली चालत जाईन!”

काकूंना तुळशीवृंदावनापर्यंत चालवत नव्हते.

* * *

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात परसूमास्टरांचा मोटार शिकवण्याचा वर्ग होता. मास्टर सिंधी. बोलत ते हिंदी की मराठी, हे त्यांच्या शिष्यांना लायसन मिळेपर्यंत कळत नसे. शिस्त राहावी म्हणून मी शोभाबरोबर जाई आणि मागे बसे.

शोभा घरी पायाच्या मशीनवर कॉलनीभरचे ब्लाउज शिवी. पायाला तीच सवय. ब्रेकवर पाय ठेवला की तो आपोआप खालीवर होई, आणि गाडीतल्या सर्वांच्या माना डोलत. मास्टर कपाळाला हात लावीत.

“बहेनजी, ये फियाट आहे, शिलाई मशीन नाही! आज किती ब्लाउज झाले?”

पाऊस सुरू झाला. कॅम्पातले रस्ते चिखल आणि वर्कशॉपचे तेल यांनी गुळगुळीत झाले. एके सकाळी गल्लीतून अचानक एक म्हैस रस्त्यावर आली. आमच्या पुढच्या स्कूटरवाल्याने ब्रेक करकचून दाबला. स्कूटर आडवी झाली आणि तो बसल्या बसल्या म्हशीपर्यंत घसरत गेला. शोभाचा पाय मात्र सवयीने खालीवर होत होता. गाडी सरळ राहिली, हळू झाली आणि थांबली. स्कूटरवाला उठला, त्याने पँट झटकली आणि म्हशीलाच नमस्कार केला.

मास्टरांनी कपाळावरचा हात काढला. मग म्हणाले, “बहेनजी, आप सुक्यात नापास, पावसात एकदम पास!”

दुसऱ्या दिवसापासून ते सर्वांनाच तसे शिकवू लागले. “ओल्या रस्त्यावर ब्रेकला लाथ नको मारू. दाब, सोड. दाब, सोड. मशीन चलाओ, मशीन!” त्या पावसाळ्यात पाच नंबरातले भरदार मिशांचे कित्येक पुरुष मी ब्लाउज शिवताना पाहिले.

* * *

शोभाला लायसन मिळाले. वसंतरावांनी गाडीची पूजा केली, ताडपत्री घडी घालून छातीशी धरली आणि काकूंना मागच्या सीटवर बसवले. काकूंनी पदर खोचला. एक हात दाराच्या कडीवर ठेवला. दुसऱ्या हातात चपला घेतल्या.

मी म्हटले, “काकू, चपला पायात घाला.”

“नको हो बाई. उडी मारताना घसरतात.”

“चालत्या गाडीतून उडी मारणार?”

“थांबलेल्या गाडीतून कशाला मारू?”

श्रावणात आम्ही सरावासाठी जवळपास जात होतो. काकू प्रत्येक वेळी तशाच बसत. शोभा आरशात पाही, चपला दिसत आणि तिचा चेहरा उतरे. गोपाळकाला जवळ येत होता. काकू म्हणत, “इथवर ठीक आहे. बदलापूरच्या पुढचा रस्ता वेगळा. तिथवर हिच्या हाती जाईन की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.”

* * *

पुढच्या वाहनापासून अंतर ठेवावे, हे सर्वांना माहीत असते. किती ठेवावे, हे कोणालाच ठाऊक नसते. मी शोभाला नियम घालून दिला. पुढची गाडी विजेच्या खांबाजवळून गेली की मनात ‘श्रीराम जयराम जय जय राम’ म्हणावे. नाम पूर्ण होण्याआधी आपण खांबाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. हे कोरड्या रस्त्याचे. ओल्या रस्त्यावर नाम दोनदा.

आमची ढोलकीवाली कुंदा म्हणाली, “मनात कशाला, बाई? नाम मोठ्यानं घ्यावं.”

मला ते पटले. तिथेच चूक झाली. कुंदाने नाम चालीत घेतले. काकूंनी सूर उचलला. संथ लय, मध्ये ताना, आणि शोभा नियमाची पक्की! आमच्या आणि पुढच्या ट्रकच्या मध्ये इतकी जागा झाली की रिक्षा शिरली. शोभा रिक्षेपासून दोन नामे मागे झाली. मग सायकलवाला शिरला. ती त्याच्याही मागे झाली. शेवटी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून निघालेली, सोफ्याने लादलेली हातगाडी शिरली. आपण पुढे जात आहोत की मागे, हे मला काही वेळ सांगता येईना.

चौकात पोलिसाने जाण्यासाठी हात दाखवला, तरी नाम समेवर आले नव्हते. शोभा हलेना. पोलीस पावसातून चालत खिडकीशी आला.

“ताई, भजन संपलं की आवाज द्या. मग हात करतो!”

त्या दिवसापासून नाम बोलायचे, गायचे नाही, असे ठरले. काकूंना ते रुचले नाही. “देवाचं नाव असं घाईत घेतात होय?” एवढे म्हणून त्यांनी चपला घट्ट धरल्या.

* * *

विठ्ठलवाडीच्या डेपोजवळ वायपर बंद पडला. काचेवर नुसते पाणी. शोभाने लगेच गाडी कडेला घेतली, दिवे लावले आणि थांबली. पुढचे दिसत नसताना पुढे जाणे हा निव्वळ अहंकार आहे. तो तिच्यात नव्हता.

शेजारी उभ्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, “काचेवर तंबाखू चोळा ना. पाणी धरत नाय मग.”

मी ताठ बसून सांगितले, “आमचं भजनी मंडळ आहे. आमच्यात तंबाखू कोणीही खात नाही!”

गाडीत शांतता पसरली. ती मला आवडली नाही.

काकूंनी कमरेची चंची काढली. कुंदाने पर्समधून छोटी डबी काढली. “दाताला लावते, बाई. फक्त दाताला!” मग शोभाने डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि आतून पुडी काढली. “आईंची संपली तर असावी, म्हणून ठेवते.”

ड्रायव्हरने तिन्ही तंबाखू एकत्र चोळली. काच लख्ख झाली. मी खिडकीबाहेर पाहू लागले. काकूच म्हणाल्या, “तुम्ही खात नाही म्हणून काय झालं? रस्ता दिसला ना तुम्हालाही?”

* * *

डबके दिसले की वेग कमी करावा. खाली खड्डा असतो आणि बाजूला माणूस असतो. शोभा हे कसोशीने पाळी. अंबरनाथच्या बाजारात एका धोतरवाल्या आजोबांनी आमची गाडी येताना पाहिली, धोतर गुडघ्यावर घेतले, छत्री ढालीसारखी आडवी धरली आणि डोळे मिटले. आम्ही त्यांच्याजवळून अगदी सावकाश गेलो. एक थेंब उडाला नाही. त्यांनी डोळे उघडले आणि ओरडले, “अहो बाई, सांगायचं तरी! धोतर फुकट वर घ्यायला लावलंत!”

* * *

गोपाळकाल्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. वसंतरावांनी एकदा आकाशाकडे, एकदा गाडीकडे पाहिले आणि आत जाऊन बसले. शोभा चावी घेऊन दाराशी उभी राहिली. काकूंनी तिच्या हातातल्या चावीकडे पाहिले. मग त्यांनी पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि मागे बसल्या. मी त्यांच्या शेजारी. ढोलकी मांडीवर घेऊन कुंदा पुढे. बाकीच्या बाया सकाळच्या एसटीने आधीच गेल्या होत्या.

बदलापूर सोडल्यावर, गाव समोर दिसू लागले तिथेच ओढा रस्त्यावरून वाहत होता. ओढ्यावरची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पाण्याखाली गेली होती. तिच्या दोन्ही कडांना चुना लावलेले दगड असतात. त्यांतला एकही दिसत नव्हता. पलीकडे देवळाचा भगवा झेंडा.

शोभाने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले.

अलीकडच्या वस्तीतली पोरे काठावर उभी होती. “ओ ताई, घाला ना गाडी! गुडघाभर बी नाय पाणी!” “घाबरली वाटतं!” “स्टेअरिंगपेक्षा लाटणं बरं हाय, ताई!”

काकू पुढे झुकल्या. “घाल गाडी. माझं माहेर आहे ते. झेंडा दिसतोय.”

“नाही, आई. दगड दिसत नाहीत. दगड दिसेपर्यंत चाक पाण्यात घालणार नाही.”

“मग मी चालत जाते! चपला हातातच आहेत.”

“दार उघडणार नाही मी.”

इतक्या वर्षांत शोभाने सासूला असे उत्तर दिलेले मी ऐकले नव्हते. चावी तिच्या मुठीत होती. काकूंनी तोंड फिरवले. त्या झेंड्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते पावसाचे म्हणावे तर काच बंद होती.

तेवढ्यात मागून एक टेम्पो आला. पोरांनी त्यालाही ओरडून भरीस घातले आणि तो शिरला. मधोमध त्याचे मागचे चाक फरशीवरून उतरले, टेम्पो एका अंगाला कलला आणि बंद पडला. ड्रायव्हर खिडकीतून टपावर चढून बसला. त्याने चहूकडे पाहिले आणि खिशातून विडी काढली. ती भिजलेली होती. “ओ ताई,” तो तिथून ओरडला, “तुमचं बरोबर हाय!”

पोरे गप्प झाली आणि दोर आणायला पळाली.

काकूंनी हे सर्व पाहिले. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि गायला सुरुवात केली. कुंदाची ढोलकी लागली. पलीकडच्या काठावर आधी एक इरले आले, मग छत्र्या आल्या, मग टाळ आले. इकडची ढोलकी आणि तिकडचे टाळ जुळत नव्हते. मध्ये ओढा होता. टपावर बसलेला ड्रायव्हर दोघांच्या मधोमध टाळी धरून होता. काकू माहेराकडे तोंड करून गात होत्या.

पाऊस उणावला. पाणी उतरू लागले. लोकांनी टेम्पो ओढून पलीकडे नेला.

“आई, दोन दगड दिसले,” शोभा म्हणाली.

काकूंनी गाणे थांबवले. “सगळे दिसू देत,” असे म्हणाल्या आणि पुढची ओळ उचलली.

सगळे दगड दिसल्यावर शोभाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सावकाश पलीकडे आणली. मग ब्रेक सुकावेत म्हणून थोडे अंतर ती पाय खालीवर करत गेली. आमच्या सर्वांच्या माना डोलल्या. भाचा गाडीबरोबर पळत होता. “आत्या आली! आत्या आली!” देवळाच्या पायरीशी चार बायकांनी काकूंना हात देऊन उतरवले. त्या दिवशी त्या जे गायल्या, त्याबद्दल मी बोलणार नाही. ते देवाने ऐकले आहे.

परत निघालो तेव्हा दिवस कलला होता आणि पाऊस पुन्हा लागला होता. शोभा सावकाश चालवीत होती. पुढच्या एसटीने खांब ओलांडला की तिचे ओठ हलत, दोनदा. बदलापूर जवळ आले तेव्हा मी शेजारी पाहिले. काकू झोपल्या होत्या. डोके मागे टेकलेले, पदर सुटलेला, दोन्ही हात मांडीवर उताणे.

हात रिकामे पाहून माझ्या लक्षात आले.

“काकू, तुमच्या चपला?”

त्यांनी एक डोळा उघडला. आपल्या अनवाणी पायांकडे पाहिले, मग हातांकडे.

“देवळाशी राहिल्या वाटतं.”

शोभाने वेग कमी केला. “गाडी वळवू का, आई? फार लांब नाही आलो.”

“नको,” काकू म्हणाल्या आणि तो डोळाही मिटला. “गाडीत काय काम त्यांचं?”