मरणाच्या पुस्तकातलं वेड

माझी वेणी मालकाच्या दिवाणजीच्या मुठीत होती आणि मोठा डॉक्टर माझा जबडा दाबून जीभ बघत होता. माझं दूध गळत होतं. अंगावर पिणारी लेक घरी सासूजवळ. लुगडं पुढून ओलं झालेलं. दुसरा एक तरुण डॉक्टर खिडकीपाशी उभा होता. त्यानं ते बघितलं आणि रुमाल नाकाला लावला.

"चावते का हो ही?" मोठ्या डॉक्टरनं विचारलं. मला नाही, दिवाणजीला.

"आजून तं नाई चावली सायेब. पन भरोसा नाई." दिवाणजी हसला.

नवरा दाराबाहेर उभा होता. तो मालकाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मला या दवाखान्यात आणणाऱ्या दमणीचे बैल त्यानंच हाकले होते. वाटेत एकदाही मागं वळून बघितलं नाही.

मी रिसोडकडच्या एका खेड्यातली. मालकाच्या वावरात रोजानं कापूस वेचायची. माझ्या शेजारच्या ओळीत गोदी वेचायची. पोरगीच होती. बाप नव्हता, आई आंधळी. शेवटच्या वेचणीला भर दुपारी धाकट्या मालकानं, म्हणजे मालकाच्या लेकानं, तिला हात धरून विहिरीकडं ओढत नेलं. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पाणी प्यायला गेले होते. मी पाहिलं. ओरडले तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं, पण हात सोडला नाही. मी माणसं बोलवायला पळाले. माणसं आली तेव्हा गोदी पाण्यात होती. पाय घसरला, मालक म्हणाला. पाय घसरला, पोलीस पाटलानं लिहिलं. तो मालकाचाच भाऊबंद.

नवऱ्याला रोज सांगितलं. तो रोज म्हणाला, "चूप राय वं. साल जाईन आपलं."

मग चैत्राची नवमी आली. सगळं गाव पोहरादेवीच्या जत्रेला गेलं, मालकही गेला. तिथं बायांच्या अंगात येतं. केस मोकळे सोडून घुमतात आणि मग काय वाट्टेल ते बोलतात. अशाच एकीनं त्या दिवशी एका मोठ्या शेतकऱ्याला भर गर्दीत सुनावलं, "भावाचं वावर गियलं तुनं." त्या माणसानं तिच्या पायाशी नारळ ठेवून नाक घासलं.

आमच्या गल्लीतली काशीबुढी माझ्या कानाशी लागली. "तुले बोलाचंच हाय तं केस सोड. घूम जराशी. देवी बोलली म्हंतात मंग. कोनी हात नाई लावत."

मी केस सोडले नाहीत. तेल लावून वेणी घातली होती, तशीच मालकाच्या गाडीपुढं उभी राहिले.

"गोदी घसरली नाई. धाकट्या मालकानं तिले हात धरून विहिरीवर नेलं. म्या पाह्यलं."

मालकानं शिवी दिली नाही. तो खाली उतरला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बिचारीच्या डोस्क्यावर परिनाम झाला," तो लोकांना म्हणाला. आवाज अगदी मऊ. शिवी दिली असती तर बरं होतं.

गावात परत आल्यावर माझ्याशी कोणी बोलेना. आडावर गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. सासू लेकीला माझ्या मांडीवरून उचलून न्यायची, दूध पिऊन झालं की लगेच. मग एका सकाळी दारात मालकाची दमणी उभी.

दवाखान्यात दोन डॉक्टरांचं भांडण लागलं. आधी इंग्रजीत. मोठा हातातलं वेडावरचं जुनं पुस्तक दाखवी, तरुण आपलं नवं. दोघंही मध्येच माझ्याकडं बोट करत. बाजारात गाय उभी करतात तशी मी उभी. शेवटी मीच विचारलं, "काय पाहून राह्यले त्यात?"

तरुण डॉक्टरला सांगायची हौस होती. "हे साऱ्या जगाचं पुस्तक आहे, बाई. आधी यात फक्त मरणाची कारणं होती. माणूस कशानं मेला, ते सगळ्या देशांनी एकाच नावानं लिहावं म्हणून. दर दहा-एक वर्षांनी देशोदेशीची माणसं बसतात. जुनी नावं काढतात, नवी घालतात. या खेपेला त्यांनी वेडाचे प्रकारही घातलेत. तुझा प्रकार कोणता, ते आम्ही बघतोय."

"हे ठरवाले तेथं येडे बी बसतात काय?"

दोघं हसले. दिवाणजीही हसला. भांडण मिटलं.

मग मोठ्या डॉक्टरनं विचारलं, "तुझ्या अंगात येतं का?" दिवाणजीनं वेणी सैल सोडली आणि कानात म्हणाला, "हो म्हन. देवी आलती म्हन. तेवढंच बोल, आताच्या आता घरी नेतो तुले. पोरगी रडून राह्यली असन."

तरुण डॉक्टरही म्हणाला, त्याला सोपं नाव आहे, तशा बाया घरी राहू शकतात. नाही म्हणालीस तर तो खोटा भ्रम. त्याचं पान वेगळं. त्या पानावरची माणसं वेड्यांच्या इस्पितळात जातात.

माझ्या छातीत दूध ठणकत होतं. हो म्हणायला एक शब्द लागत होता.

"नाई आली देवी. मी शुद्धीत होती. डॉक्टर, तुमच्या पुस्तकात मरनाची नावं हायेत म्हंता. बुडून मेल्याचं हाय?"

"आहे."

"अन् कोनी बुडवून मारल्याचं?"

त्यानं मोठ्याकडं बघितलं. "तेही आहे."

"मंग माह्यं पान काहून शोधता? गोदीचं शोधा."

तरुण डॉक्टरनं पुस्तक मिटलं. मला वाटलं, हा बोलेल. त्यानं टाक उचलला आणि सही केली. मग मोठ्यानं केली. नवऱ्याला आत बोलावून अंगठा घेतला.

इस्पितळाचं मी फार सांगत नाही. भिंत उंच होती. दूध आपोआप आटलं. तिथं माझ्यासारख्या बऱ्याच होत्या. कोणी वाटणी मागितलेली, कोणी सासऱ्यानं हात धरला हे बोललेली. आणि खरंच आजारी असलेल्याही होत्या. त्यांना औषध हवं होतं, मिळत नव्हतं.

काही वर्षांनी नवा साहेब आला. म्हणाला, जुन्या पुस्तकातली नावं आता चालायची नाहीत, सगळ्यांची नव्यानं तपासणी होईल. माझ्या वेडाचं नाव बदललं. भ्रम गेला, दुसरं काही आलं. त्या नावाची बाई घरी पाठवता येत होती. मी तीच होते. तेच बोलत होते. त्या दिवशी मला कळलं की ताप अंगात असतो तसं ते नाव माझ्या अंगात कधी नव्हतंच. ते माणसं बसून ठरवत होती. माणसंच ठरवतात तर त्यांच्यापुढं जाऊन बोलता येतं, आणि बोललंच पाहिजे.

घरी दुसरी बायको होती. लेक तिला आई म्हणत होती. मी उंबरा ओलांडला नाही. दुसऱ्या गावी वेचणीला लागले, आणि चौथीपर्यंतची शाळा झाली होती तिच्या बळावर अर्ज लिहायला शिकले. गोदीच्या मरणाचं नाव बदला, एवढंच मागते. कचेरीतून हाकलतात. मी दुसरा अर्ज लिहिते. डोकं फिरलं म्हणतात. म्हणू देत. अर्ज थांबणार नाही.

मालक मेला. त्याचा लेक मेला, म्हातारा होऊन, पलंगावर. दोन्ही डॉक्टर गेले. नवराही गेला. गोदी वीस वर्षांचीही झाली नाही. मी जिवंत आहे.