जोखीम

विद्यार्थ्यांच्या मनात गुंतवणुकीची ओढ कशातून उपजते, याचा शोध विद्यापीठांतून हल्ली मोठ्या आस्थेने घेतला जातो. कोणी श्रेय ज्ञानाला देतो, कोणी संगतीला, कोणी घरच्या वळणाला. नाशिकला वाणिज्य शिकणाऱ्या सृष्टीच्या बाबतीत हे सारेच खरे होते. तरी तिच्या ओढीला वळण दिले ते एका शब्दाने.

ती सिन्नरजवळच्या खेड्यातली. वडील यादवराव प्रवासी जीप चालवतात. आई मंगलाबाई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम करते. घरात संचय म्हणजे सोने, आणि सोने हा उच्चारायचा विषयच नव्हे. नाशिकला वर्गमित्र ललितच्या मोबाईलवर तिने शेअरचे भाव चढता-उतरताना पाहिले आणि घराला जे साधले नाही ते आपण साधू, ही आकांक्षा तिच्या चित्तात रुजली. ललितचा गट ऑप्शनच्या, म्हणजे झटपट नफ्याच्या पण सारेच बुडू शकेल अशा सौद्यांत उतरणार होता. तिने फोनवर आईला समजावले, "आई, बाजारात उतरायचं तर जोखीम घ्यावीच लागते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलाबाई तिच्या नाशिकच्या खोलीच्या दारात उभी राहिली. एक हात कमरेशी घट्ट. आत ललित बसला होता, त्याचीही तिला पर्वा नव्हती. तिने कमरेची पुरचुंडी सोडली. आत सोन्याचे डोरले आणि माळेतल्या दोन पुतळ्या.

"घे. गर्दीत जीव मुठीत धरून आणलंय."

"हे काय गं?"

"तूच म्हणली ना, जोखीम घ्यावी लागती. घरात एवढीच हाय."

ग्रंथांत जोखीम म्हणजे संभाव्य हानी. खेड्यातल्या स्त्रियांच्या मुखी जोखीम म्हणजे अंगावरचे सोने, प्राणपणाने रक्षावयाचा ठेवा. मंगलाबाईला हा दुसराच अर्थ ठाऊक होता.

ललित हसला. "मावशी, तुम्ही तर आमच्याहून मोठ्या ट्रेडर निघालात."

"मी कसली टेलर बाबा, मला साधा फॉल लावता येत नाय."

"सृष्टी, खालच्या गल्लीत तासाभरात सोनेतारण होतं. विचार कर."

सृष्टी पुतळ्यांकडे पाहत राहिली. त्या नजरेचा आईने भलताच अर्थ घेतला.

"कमी पडतंय का? कानातलं बी देते." आणि तिचा हात कानाकडे गेला.

सृष्टीने तो वरच्यावर धरला. "आई, नको. पुस्तकात जोखीम म्हणजे बुडायची भीती. मी ती घेते म्हणत होते."

"बुडतं? आन् हे तुम्हाला कॉलेजात शिकवत्यात?"

"कसं जपायचं तेही शिकवतात."

"मंग आधी ते शीक की."

सृष्टीने पुरचुंडी बांधून आईच्या हाती दिली. "ललित, लावायला माझं स्वतःचं काही नाही. मी घेते त्या शिकवणीचे पैसे साठले की बघेन. तेही ऑप्शनमध्ये नाही."

"संधी थांबत नसते गं."

"नाही थांबली तर नाही."

गट तिच्यावाचून पुढे गेला. तिची ओढ मात्र विझली नाही. आज ती शिकवणीतला अंश दरमहा म्युच्युअल फंडात ठेवते आणि कंपन्यांचे अहवाल एखाद्या पोथीच्या निष्ठेने वाचते.

त्या दिवशी आईला एकटी धाडणे तिच्या जिवावर आले. ती सिन्नरच्या बसमध्ये तिच्याशेजारी बसली. शहर मागे पडले तशी मंगलाबाईने पुरचुंडी लेकीच्या हाती दिली आणि खांद्यावर मान टाकून ती झोपी गेली. लेक गाव येईपर्यंत जागी होती.