दातात धरलेली तार

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गिटार हा शब्द म्हणता येत नव्हता असं नाही. त्यांना तो म्हणायचाच नव्हता. ते त्याला ‘तुझं ते’ म्हणत. तुझं ते पोत्यावरून उचल, शेंगदाणे काढायचेत. तुझं ते दारात नको, गिऱ्हाइकाच्या पायात येतं. घाटनांदूरच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं, आणि मागच्या खोलीत, गुळाच्या भेल्या आणि तेलाच्या डब्यांच्या मधल्या बोळकांडीत, मी ते इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकणारा एक पोरगा शिक्षण संपवून जाताना ते मला देऊन गेला होता. त्याचं ओझं हलकं झालं आणि माझ्या डोक्यात कायमचं खूळ शिरलं.

आप्पा स्वतः सुराचे पक्के होते, हेच तर माझं दुखणं होतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला वीणा त्यांच्याच खांद्यावर. वीणा जरा उतरली की त्यांचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा. अशा माणसाला माझं वाजवणं कळत नव्हतं असं कसं म्हणू? कळत होतं. पण त्यातून दुकान चालणार नव्हतं, हेही कळत होतं.

ती सगळीच वर्षं विचित्र होती. दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. पेठेत केबल आली होती आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरातून परदेशी गाण्यांचा गोंगाट ऐकू यायचा. मला वाटायचं, सगळं जग घाटनांदूरला यायला निघालंय, मग मीच एकटा इथून का निघू नये? वीस-एकवीस वर्षांचा होतो. दुकानात तराजूसमोर बसलं की जीव घुसमटायचा. साबुदाणा तोलताना हात चालायचे आणि डोकं भिंतीवर आपटावं असं वाटायचं. अतिशयोक्ती करत नाही. खरंच वाटायचं.

त्यातच सोलापूरचा एक ऑर्केस्ट्रा अंबाजोगाईला एका बड्या लग्नात येणार असल्याचं कळलं. त्यांचा गिटारवाला गिटारीसकट सोडून गेला होता. मालकाला नवा माणूस हवा होता. कीबोर्डवाल्याचं म्हणणं होतं की गिटारीचा आवाज आता कीबोर्डमधूनच निघतो, माणसाची गरजच नाही. मालकानं निरोप धाडला होता, की कोणी असेल तर सकाळी मंगल कार्यालयात येऊन वाजवून दाखवा, पसंत पडलं तर त्याच गाडीत बसायचं. हे मी आप्पांना कसं सांगितलं ते आठवत नाही, पण त्यांनी तराजूचं पारडं रिकामं केलं, हात झटकले आणि एकदाच बोलले.

"जा. वाजवून ये. घेतलं तर घेतलं, मी आडवा येणार न्हाई. न्हाई घेतलं तर परत ह्याचं नाव काढायचं न्हाई. मुकाट दुकानात बसायचं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी तिसरी तार तुटली. टोकाला तुटली असती तर गाठ मारून भागवलं असतं, तशा गाठी मारण्यात मी तरबेज झालो होतो. पण ती बरोबर मधोमध तुटली. सहा तारांत तिसरी म्हणजे गाण्याचा कणा. मी जे बसवलं होतं ते सगळं तिच्यावरूनच जात होतं. दुसरी तार घरात नव्हती. मी तुटलेली दोन टोकं हातात धरून बसलो आणि मला रडू कोसळलं. गुळाच्या भेल्यांमध्ये बसून एवढा बाप्या रडतोय हे आईनं पाहिलं आणि ती तशीच पुढे दुकानात गेली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं आप्पा टोपी घालून आले आणि म्हणाले, चल, अंबाजोगाईला जाऊन बघू.

जीपमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. अंबाजोगाईत देवळाजवळ भजनी साहित्याचं एक दुकान होतं. टाळ, मृदंग, पेट्या, वीणेच्या तारा. आप्पांचं तिथं जुनं जाणंयेणं. गिटारीची तार म्हटल्यावर दुकानदार हसला आणि म्हणाला की ती काही आपल्याकडे ठेवत नाही. पण तारेची भेंडोळी त्यानं समोर मांडली. पोलादी होती ती बारीक, माझ्या तुटलेल्या तारेहून बरीच बारीक. आणि पितळी होती ती बरोबर तेवढीच जाड, वीणेच्या खर्जाला लावतात ती.

आमच्या भजनी लोकांची तार निवडायची एक रीत आहे. तारेचं एक टोक दातात धरायचं, दुसरं हातानं ताणायचं आणि बोटानं छेडायचं. मग आवाज बाहेरून येत नाही, कवटीच्या आतून येतो. तार खोटी असेल तर दातांना आधी कळतं. आप्पांनी पोलादी तार तशी छेडली आणि लगेच हातानं बाजूला सारली. पितळी तार छेडली तेव्हा त्यांचे डोळे मिटले. मग ते टोक धोतरानं पुसून त्यांनी माझ्याकडे दिलं. मीही दातात धरलं. काय सांगू, सगळं डोकं भरून गेलं. गोल, दाट, लांब चालणारा आवाज. त्यापुढे पोलादी तार म्हणजे नुसतं किरकिरणं.

"ही घे," आप्पा म्हणाले. "हिला गळा हाय."

माझ्या गिटारीसाठी आप्पा काहीतरी निवडत होते, हे त्या वेळी तारेपेक्षा मोठं होतं. मला पोलादीकडे परत बघावंसंसुद्धा वाटलं नाही.

घरी येऊन जुन्या तारेच्या टोकाची घुंडी नव्या तारेला पिळून बसवली आणि तार चढवली. आप्पांनी पेटीवर सूर धरला, मी खुंटी पिळत गेलो. तार तुटेल म्हणून दोघांनी तोंडं मागे घेतली होती, पण ती सुराला येऊन थांबली. भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर घरीच असायचा, पण त्याला जोडून बघता आलं नाही. गावाचा ट्रान्सफॉर्मर जळून आठवडा होत आला होता आणि नवा यायचा पत्ता नव्हता. मी गिटारीच्या लाकडाला कान लावून वाजवलं. त्या पाच तारांमध्ये ती सहावी अशी काही बोलत होती, की आई चुलीपासून उठून आली.

सकाळी आप्पाही बरोबर आले. मला वाटलं होतं ते दुकान उघडतील. पण त्यांनी शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि जीपमध्ये गिटार स्वतःच्या मांडीवर घेतलं. कार्यालयात लग्नाच्या मांडवाचं काम चालू होतं, मंचावर पेट्या आणि वायरी पसरल्या होत्या. आप्पा सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. मालक सभ्य माणूस वाटला. त्यानं मला चहा दिला, नाव-गाव विचारलं आणि गिटार जोडायला सांगितलं.

मी वाजवायला लागलो. पहिल्या ओळीत दोन तारा बोलल्या आणि सूर तिसऱ्या तारेवर गेला तेव्हा काहीच आलं नाही. मला वाटलं, माझं बोट चुकलं. परत वाजवलं. बाकीच्या तारा मांडवभर गरजत होत्या आणि मधली मुकी. अगदी नावाला, डास गुणगुणावा तेवढा आवाज. दात पडलेल्या माणसाच्या बोलण्यासारखं ते गाणं ऐकू येत होतं. मी जोर लावला. वायर हलवली. दुसऱ्या तारांवरून तेच सूर काढता आले असते, हे मला आज कळतं. तेव्हा डोक्यात फक्त एक सणसणीत गरगर होती. मी थांबलो आणि म्हणालो, काल तर वाजत होती. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

कीबोर्डवाला जवळ आला. त्यानं खिशातला चुंबकी टोकाचा पेचकस काढून तारांना टेकवला. बाकीच्या तारांना तो हलकेच चिकटला. तिसरीला चिकटला नाही.

"पितळी लावलीय बे ह्यानं," तो मालकाला म्हणाला.

मग त्यानंच मला सांगितलं, आणि कुचेष्टेनं नाही सांगितलं. ह्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक असतं. लोखंडी तार थरथरली तर त्याला कळतं आणि आवाज बाहेर येतो. पितळ त्याला कळतच नाही. कितीही गोड वाजू दे.

मी मालकाला म्हणालो, थोडा वेळ द्या, तार आणतो. तो हो म्हणाला. मी पळत सुटलो. मंडईतून, गाड्यांमधून, चप्पल तुटली ती तिथंच टाकून. दुकानदाराकडून ती बारीक पोलादी तार घेतली, जी आप्पांनी बाजूला सारली होती, आणि तसाच पळत आलो. मंचावर मालक कीबोर्डवाल्याच्या शेजारी उभा होता. कीबोर्डवाल्यानं एक बटण दाबलं आणि माझं गाणं, मी अर्धं सोडलेलं गाणं, त्या नव्या परदेशी पेटीतून गिटारीच्या आवाजात वाजवून दाखवलं. सगळं. तिसऱ्या तारेसकट.

मालकानं माझ्याकडे बघितलं. हातातली तार बघितली, अनवाणी पाय बघितले. त्याला वाईट वाटलं असावं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, की हात चांगला आहे, सोडू नको. आणि मग चहावाल्याला हाक मारायला निघून गेला. सोडू नको म्हणणारी माणसं नेहमी अशी निघून जाताना का म्हणतात, मला कळत नाही.

परतीच्या जीपमध्ये आप्पांनी विचारलं, "तार कावून बोलली न्हाई? दातात तर लई बोलत होती."

मी खरं तेच सांगितलं आणि जितकं टोचेल तितकं टोचून सांगितलं. "लोखंडाची पायजे होती. चुंबकाला पितळ कळत न्हाई. तुमी बाजूला सारली ती घेतली असती तर मी आत्ता सोलापूरच्या गाडीत असतो." शेजारी बसलेली बाई आमच्याकडे बघायला लागली. गिटार आप्पांच्या मांडीवर होतं; त्यांनी त्या पितळी तारेवर आडवा तळहात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दुकान बंद. घरात मयत झाल्याशिवाय आमचं दुकान कधी बंद राहिलेलं नव्हतं. आईला विचारलं, तर म्हणाली, लातूरला गेलेत, काही सांगितलं नाही, आणि बाजरीतले खिळे काढायचं चुंबक खिशात घालून गेलेत. आमच्याकडे पोत्यांमधून धान्याबरोबर खिळे, तारेचे तुकडे यायचे. ते काढायला फुटक्या स्पीकरातलं एक काळं गोल चुंबक गल्ल्याजवळ टांगलेलं असायचं. ती जागा रिकामी होती. मी गिऱ्हाइकांना परत पाठवत दिवसभर पायरीवर बसून राहिलो. लातूरला अशा तारा मिळत असतील हे मला माहीत नव्हतं. तार तुटली त्या दिवशी, लातूरहून आम्हाला माल पाठवणाऱ्या आडत्याला फोन करून विचारायचं मला सुचलंही नव्हतं. हे माझ्या डोक्यात दिवसभर सुरीसारखं फिरत होतं.

आप्पा दिवेलागणीला आले. त्यांनी टोपी काढली, पाणी प्याले आणि कागदाचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. आत सहा तारा. प्रत्येक तार त्यांनी दुकानात उलगडायला लावली होती, चुंबक लावून बघितली होती, आणि त्यावरून त्या दुकानदाराशी भांडणही झालं होतं. हे त्यांनी असं सांगितलं जसं कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल सांगत होते. "दातात एकबी धरली न्हाई," ते म्हणाले.

त्याच दुपारी नवा ट्रान्सफॉर्मर बसला होता. पेठेत दिवे आले होते. मी तारा चढवल्या, भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर जोडला. आप्पा शेंगदाण्याच्या पोत्यावर बसले. मी कार्यालयात अर्धं राहिलेलं गाणं सुरू केलं. तिसरी तार आली आणि बोलली. स्वच्छ, टोकदार, डब्यांवर आदळून परत येणारी. मी सगळं गाणं वाजवलं, एकदाही न चुकता, आणि वाजवताना माझं तोंड रडण्यानं वाकडं झालं होतं, कारण असं मी पुन्हा कधी वाजवणार नव्हतो आणि ऐकायला फक्त तेच होते. माझं गिटार आप्पांनी असं बसून कधी ऐकलं नव्हतं.

गाणं संपल्यावर ते बराच वेळ उठले नाहीत. माझ्याकडे बघत होते, की माझ्या पलीकडच्या तेलाच्या डब्यांकडे, मला सांगता येणार नाही.

"ह्यो आवाज तिथं निघाला असता," ते म्हणाले, "तर तू गेला असतास."

त्यात दुःख होतं की सुटका, हे मला तेव्हाही कळलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. ते उठले, खिशातलं चुंबक काढून गल्ल्याजवळच्या खिळ्याला परत अडकवलं आणि दुकानाची किल्ली माझ्या मांडीवर, तारांच्या शेजारी ठेवली.