सिंगापूर ते ताडकळस, मोबाइलच्या हिशेबाने

सिंगापूरहून हैदराबाद साडेचार तासांवर आहे. ज्याने कुणी हे इंटरनेटवर लिहून ठेवलंय, त्याला एकदा आमच्या शेतात आणून उभं करावं, असं मला फार वाटतं.

वडील, आमचे अण्णा, पहाटे गेले. ताडकळसहून चुलतभाऊ शिवराजचा फोन आला. "निघते," एवढंच मी म्हणाले. कधी पोचाल, हे त्याने मला विचारलं नाही, मोबाइलला विचारलं.

विमानतळावर मला आधी बूट काढायला लावले, मग घालायला लावले, मग दोन तास गालिच्यावर बसवून ठेवलं. विमानात हवाईसुंदरीने हसून विचारलं, "व्हेज की नॉनव्हेज?" समोरच्या पडद्यावर एक चिमुकलं विमान बंगालच्या उपसागरावर चिकटून बसलं होतं. पडद्याच्या तळाला उंची, वेग आणि तापमान एवढीच माहिती होती.

हैदराबादला उतरताच शिवराजला फोन लावला.

"अक्का, आजून हैदराबादलाच? मोबाइलवर साडेचार घंटे दावायलंय की!"

"ते नुसत्या विमानाचे, शिवराज. गाडीने अजून सात तास आहेत."

 तो हळूच म्हणाला, "आमी तर तुमी आलातच म्हनून अण्णाला शेतात आनलं. बसिवलं बी."

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात ध्यानाला बसवतात, भोवती मीठ आणि विभूती भरतात. एकदा बसवलेल्याला वर काढत नाहीत.

"खांद्यापस्तोर मीठ भरून थांबलाव. तोंड उघडं हाय. स्वामी (आमचे जंगम पुरोहित) म्हनायलेत, दिवस मावळूस्तर (मावळेपर्यंत) थांबू. लवकर या."

भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला सगळं सांगितलं. त्याने मान हलवली आणि देगलूरच्या अलीकडे ढाब्यावर गाडी थांबवली. "खाली पेट गाडी नक्को चलाना, मॅडम." त्याची बिर्याणी होईपर्यंत मी रस्त्यावर उभी राहिले. ढाब्याच्या पाटीवर 'घरासारखं जेवण' असं लिहिलं होतं. समोर सोयाबीनच्या रानावर ऊन तिरपं होत चाललं होतं. इतकं सुंदर ऊन त्या दिवशी पडायची काही गरज नव्हती.

पूर्णेच्या पुढे अंधार पडला.

शेतात माणसं बसूनच होती. मातीचा उंचवटा ओला होता, त्यावर झेंडूची फुलं होती. शेजारची गंगामावशी म्हणाली, "इमानानं यिऊन येवढा उशीर? इमानाला बी पंक्चर हुतंय का बाई?" दोघे-तिघे हसले आणि लगेच थांबले.

शिवराज पुढे आला. "लय थांबलाव, अक्का. तोंडावरच्या माश्या मीच हाकत व्हतो. आधी कळलं असतं तर बर्फाची पेटी आनली असती, उद्या सकाळी केलं असतं." त्याच्या कोपरापर्यंत मीठ लागलं होतं. त्याला बोलायला मी वाटेत पुष्कळ शब्द जमवले होते.  मातीवर बेलाचं पान ठेवलं आणि शिवराजच्या शेजारी बसले.

दिवस घालून परत निघाले. सिंगापूरला उतरल्यावर वैमानिकाने आनंदाने जाहीर केलं, की वारा अनुकूल असल्यामुळे आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत. पुढच्या रांगेत कुणी तरी टाळ्या वाजवल्या. मी पट्टा सोडला नाही. सगळे उतरेपर्यंत बसून राहिले. आता मला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं.