नानांची पस्तीस सीसीची सायकल

तुमच्या सायकलला चेसिस नंबर आहे का?

हसू नका. आमच्या नानांना हा प्रश्न एका सरकारी खिडकीतून अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारण्यात आला होता. आणि नानांना त्या खिडकीपुढे उभं करणारा खलनायक कोण, हेही आत्ताच सांगून टाकते. मी!

नाना म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. घर अमळनेरात आणि शाळा धुळे रस्त्यावरच्या एका खेड्यात, नऊ किलोमीटरवर. एसटी सकाळी सहाला, नाहीतर थेट बाराला. शाळा भरायची साडेदहाला! (वेळापत्रक करणाऱ्याला लहानपणी कुणी शाळेत घातलं नसावं.) सत्तावीस वर्षं नाना सायकलने गेले. मग उजव्या गुडघ्याने संप पुकारला. निवृत्तीला तीन वर्षं बाकी. जवळच्या शाळेसाठी बदलीचा अर्ज केला, तर उत्तर आलं, "विचाराधीन." गुडघा तेवढा विचार करायला तयार नव्हता. मोपेड आमच्या आवाक्याबाहेर होती. आता करायचं काय?

काकांच्या शेतात कपाशीवर फवारणी करायचा पेट्रोलचा पंप टाकी फुटून पडला होता. इंजिन मात्र ठणठणीत. सलीम मिस्त्रींनी ते काढून नानांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, मागच्या चाकाला पट्टा जोडला आणि म्हणाले, "गुरुजी, आता गुडघा घरी ठेवून गेलात तरी चालेल!"

सायकल चालली! वेग असा, की कुत्री तिच्यामागे धावायची नाहीत, सोबत चालायची. पण आवाज! रस्त्याकडेच्या शेतातून बाया ओरडायच्या, "फवारावाला उना वं!" आणि पदर नाकाला लावायच्या. नाना मात्र रोज सव्वादहाला शाळेत हजर. महिनाभरात ते पुन्हा शीळ घालायला लागले.

धुळे नाक्यावर एक जुने हवालदार असायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात हात दाखवला.

"मास्तर, हाई काय शे?"

"सायकल शे."

"मंग फटफट कोन करस?"

"इंजिन करस."

"मंग गाडी शे! नंबर कोठे शे?"

"पायडल बी शेतस ना, भाऊ."

हवालदारांनी सायकलीला एक प्रदक्षिणा घातली, नानांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. "जा मास्तर. मी काही देखंच नही."

विषय इथे संपायला हवा होता. नानांनी ही गोष्ट घरी हसत सांगितली, आणि मी ताटावरून उठले!

माझं अक्षरज्ञान पत्रकांवर झालेलं. इतर मुलं अंकलिपी गिरवत होती तेव्हा मी "कष्टकऱ्यांनो, विचार करा!" वाचत होते. (ती पत्रकं घरी आणायचे नानाच. तेव्हा थोडा दोष त्यांचाही.) तेवीस वर्षांची, बी. ए. झालेली मुलगी घरात असताना बापाने मेहेरबानीवर सायकल चालवायची? आम्हाला दया नको, हक्क हवा! मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मोटार वाहन कायदा उघडला, आणि काय सांगू! त्यात स्वच्छ छापलं होतं: चारपेक्षा कमी चाकं आणि पस्तीस सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर ते मोटार वाहनच नव्हे! मी धावत घरी आले. इंजिनावरची पट्टी पुसली. पस्तीस!

दोन दिवसांत पाचशे पत्रकं छापून आली. मथळा: "सायकलस्वारा, मान वर कर!" मी ती भर बाजारात वाटली. एक हवालदारांच्या हातात दिलं. दुसरं त्यांच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं, सोबत अर्ज: "हे वाहन आहे की नाही, लेखी उत्तर द्यावे."

तिसऱ्या दिवशी हवालदार दारात उभे. टोपी हातात.

"ताई, मी आंधया व्हतू, त्यात तुमनं काय बिघडनं व्हतं? आते साहेबनी सायकल तपासाले धाडेल शे."

सायकल टेम्पोत घालून आम्ही वाहन कार्यालयात गेलो. (गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून कामं पडतात.) पहिल्या खिडकीने चेसिस नंबर मागितला. दुसरी म्हणाली, "पायडल आहेत ना? मग नगरपालिकेत जा, सायकलचा बिल्ला घ्या." तिसरी खिडकी बाहेर डोकावली. "हा तर फवारणी पंप! कृषी विभागाकडे जा!"

मी कडाडले, "माझे वडील सायकलवर बसतात की औजारावर, हे तुम्ही तिघं मिळून एकदाचं ठरवा!"

"शांत राह्य, माय," नाना पुटपुटले.

आवाज ऐकून आतून तपासणी अधिकारी आले. सभ्य माणूस. त्यांनी इंजिनावरची पट्टी वाचली, माझं पत्रक वाचलं, पोलिसांकडून पुढे आलेला अर्ज वाचला, मी नेलेली कायद्याच्या पानाची झेरॉक्स तर दोनदा वाचली. मी मान वर करून उभी.

"ताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे."

मी नानांकडे पाहिलं. नानांची मान किंचित वर झाली.

"फक्त पान जुनं आहे," अधिकारी म्हणाले. त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली. "दुरुस्ती झाली. आता पंचवीस सीसी."

"पण रस्त्यावर कुणालाच हे माहीत नाही!"

"नव्हतं. तुम्ही लेखी विचारलंत. आता मला लेखी उत्तर द्यावं लागेल."

नानांनी अधिकाऱ्यांकडून पाना मागून घेतला आणि कार्यालयाच्या आवारात मांडी घालता येईना म्हणून पाय पसरून बसून, स्वतःच्या हाताने इंजिन उतरवलं. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. दहा सीसी जास्त झाले म्हणून देशाचं काय वाहून जात होतं? इंजिन मोजायला नियम आहे, मग गुडघा मोजायला का नाही?

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुले कोनी सांगं व्हतं लेखी विचाराले?"

याचं लेखी उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून सध्या रोज सकाळी नानांना कॅरिअरवर बसवून मीच नऊ किलोमीटर पायडल मारते. इंजिनाचा प्रकार: बी. ए., दुसरा वर्ग. आवाज आधीच्या इंजिनापेक्षा मोठा, असं नाना म्हणतात.

तेव्हा वाचकहो, कळकळीची विनंती: धुळे रस्त्याच्या चढावर सकाळी साडेनऊच्या सुमाराला आम्ही दिसलो, तर खाली उतरा आणि मागून जोरात ढकला. ढकलायला परवाना लागतो की नाही, ते मला ठाऊक नाही. आणि तुम्हीही, देवाशपथ, कुणाला विचारू नका!